तिसरा कान : तारघरापासून फलाटावरच्या वाय-फायपर्यंत

यवतमाळच्या माणसाला रेल्वे गाठायची तर आधी एसटी किंवा काळी-पिवळी गाठावी लागते. जिल्ह्याचे ठिकाण असूनही मुख्य लोहमार्ग आमच्या गावाला कधी लागला नाही. मुंबई–नागपूर मार्गावरचे धामणगाव हे आमचे जुने स्थानक, तेही शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. गेल्या हिवाळ्यात तिथल्या फलाटावर रात्रीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर पंचविशीच्या आतबाहेरची चार मुले होती. पुण्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर निघाली होती. त्यांतल्या एकाने मोबाइलवर स्थानकाचे फुकट वाय-फाय जोडले, आलेला सांकेतिक अंक टाकला आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

“माय, जेवली का व?”

पलीकडून आवाज आला, पडद्यावर चूल दिसली, मागे कोणी तरी खोकत होते. बोलणे पऱ्हाटीच्या शेवटच्या वेच्यावरून बँकेच्या नोटिशीवर आले. मी मान दुसरीकडे वळवली, पण कान वळत नाहीत. आणि माझे कान तर या कामात मुरलेले. तरुणपणी चार वर्षे मी यवतमाळच्या बसस्थानकाजवळ एका एसटीडी बूथवर बसत असे. दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत असताना चेहरा कोरा कसा ठेवायचा, हे मी तिथे शिकलो.

त्या रात्रीपासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. प्रवासातला माणूस घरच्यांशी बोलतो तेव्हा त्या दोघांखेरीज आणखी कोण ऐकत असते? तंत्र दर पिढीत बदलले, तसा हा तिसरा कानही बदलत गेला. त्याचा माग आमच्या जिल्ह्यापुरता काढावा, म्हणून हा लेख.

तारमास्तर आणि कापसाचे भाव

आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणून सरकारदप्तरी नोंदलेला होता. इंग्रजी कागदांत तो ‘वून’ असा सापडतो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, तो मुख्यतः येथल्या काळ्या मातीतील कापसाच्या ओढीने. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. वऱ्हाडातला कापूस लिव्हरपूलला पोचायला कित्येक आठवडे लागत, त्याचा भाव मात्र आता काही तासांत इकडे येऊ लागला. पुढे यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद मापाची गाडी सुरू झाली, ती आमची शकुंतला. तीही कापसाच्या गाठी मुख्य मार्गापर्यंत वाहण्यासाठीच.

तार ही प्रवासातल्या माणसाची पहिली झटपट बातमी. परगावी गेलेला अडत्या, बदलीवर आलेला कारकून, लग्नाला निघून वाटेत अडकलेले वऱ्हाड, सगळ्यांना तारघर हाच आधार. पण तारेत दोघांचे गुपित असे काही नसेच. मजकूर आधी पाठवणाऱ्या मास्तरने वाचायचा, मग घेणाऱ्याने, मग तो घरी आणून देणाऱ्या शिपायाने. गावात तार आली की दार उघडायच्या आत शेजारी गोळा होत, कारण तारवाल्याच्या चेहऱ्यावरून बातमीचा रंग कळे.

व्यापाऱ्यांनी यावर उपाय शोधला होता. जगभर सांकेतिक शब्दांची छापील पुस्तके मिळत. एका शब्दात अख्खे वाक्य बसवायचे, म्हणजे शब्दामागे पडणारा पैसा वाचे आणि मास्तरला अर्थही लागत नसे. गुप्ततेची सोय अशी आधी पैसेवाल्याकडे आली. शेतकऱ्याची तार मात्र साध्या शब्दांत, सगळ्यांना वाचता येईल अशी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव तारेने मुंबईला येई, त्या आकड्यांवर सट्टा चाले. मटक्याचा ‘आकडा’ जन्मला तो याच तारेतून, आणि १९६१ पर्यंत तो न्यूयॉर्कच्या भावावरच खेळला जात होता.

सरकारनेही आपला कान तारेला लावून ठेवला. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणेवर सरकारचा एकाधिकार ठेवला आणि सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याची, पाहण्याची मुभा घेतली. त्याच कायद्यात दुसरीही बाजू होती. तार कर्मचाऱ्याने मजकूर फोडला तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. म्हणजे तिसरा कान असणार हे कायद्याने गृहीत धरले आणि त्याच्या तोंडाला कुलूप लावले. पुढे टेलिफोन आला, बिनतारी आली, इंटरनेट आले, तरी देशाचा मूळ कायदा तोच राहिला. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण तारेचा कायदा तिच्या मागे दहा वर्षे चालू होता. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

बूथवरची चार वर्षे

ट्रंक कॉलचा काळ माझ्या लहानपणीचा. कॉल ‘बुक’ करायचा आणि बसून राहायचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर्जे. ‘पी. पी.’ म्हटले की ठरावीक माणूस फोनवर आला तरच बोलणे. मधली ऑपरेटरबाई जोडणी लागली का हे पाहायला लाइनवर येई, आणि बोलणारे तेवढ्यापुरते गप्प होत.

ऑपरेटर न लागता थेट परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एसटीडी, भारतात २५ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ–कानपूर दरम्यान सुरू झाली. ती तालुक्याच्या गावी यायला पुढची पंचवीस-तीस वर्षे गेली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आपल्या धुळीत आणि उकाड्यात टिकतील अशी छोटी एक्स्चेंजे तिने तयार केली, आणि पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे खासगी बूथ रस्तोरस्ती उभे राहिले. अपंग व्यक्ती, माजी सैनिक अशांना परवान्यात प्राधान्य असे. कित्येक घरे त्या एका यंत्रावर चालली.

आमच्या बूथची काचेची खोली जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी. उन्हाळ्यात आतला माणूस घामाने निथळे आणि दार किलकिले ठेवी. बाहेरच्या टेबलावर मीटर, त्यात लाल आकडे पळत. बोलणाऱ्याची नजर सतत आकड्यावर. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून साडेदहापासून रांग लागायची. भिलाईला, सुरतेला, मुंबईला, हैदराबादला आपापली माणसे. दार उघडे, रात्र शांत, आणि लाइन खराब म्हणून प्रत्येक जण ओरडून बोलायचा. मी मनात आणले असते तरी ऐकल्यावाचून राहू शकलो नसतो. पुष्कळ जण शेवटी माझ्याकडे एकवार पाहत आणि म्हणत, “बरं, बाकी भेटल्यावर बोलू.” ते वाक्य मी इतक्यांदा ऐकले की पुढे त्याचा अर्थ लागेनासा झाला.

१९९३ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नेरच्या बाजूच्या एका खेड्यातले एक गृहस्थ दर आठवड्याला येत. मुलीची सोयरीक ठरली होती. त्या रात्री त्यांनी नागपूरच्या साळ्याला फोन लावला. कापूस भिजला, सावकार आणखी पैसे द्यायला तयार नाही, तुम्ही वीस हजार दिले नाहीत तर लग्न उन्हाळ्यावर ढकलावे लागेल, असे बोलणे झाले. पैसे मोजताना त्यांचा हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर विषय निघाला कापसाचा, आणि मी ही हकीकत सांगून टाकली. नाव घेतले नव्हते. पण गाव सांगितले, आणि सोयरीक कुठे ठरली तेही. एवढे पुरेसे होते. पंधरा दिवसांत ती सोयरीक मोडल्याचे कळले.

ती माझ्यामुळेच मोडली हे सिद्ध करता येणार नाही. मुलाकडच्यांना दुसरीकडूनही कळले असेल. पण ते गृहस्थ पुन्हा आमच्या बूथवर आले नाहीत. रस्त्यापलीकडे दुसरा बूथ होता, तिथे रांगेत उभे असलेले मी त्यांना दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा त्यांनीही मला पाहिले. तारघरातल्या मास्तरला मजकूर फोडल्याबद्दल तुरुंगाचे भय होते. मला कोणी कसली शपथ घातली नव्हती. माझ्या खिशात होती ती फक्त त्यांच्या बोलण्याची छापील चिठ्ठी, मिनिटे आणि रुपये लिहिलेली. तिची दुसरी प्रत अजून माझ्या कागदांत आहे.

इंटरनेटवरचा आवाज

मोबाइलची पहिली हाक ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला गेली आणि पंधरा दिवसांच्या अंतराने, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने ‘इंटरनेट फोन’ नावाचा प्रोग्राम बाजारात आणला होता. दोन संगणक, दोन मायक्रोफोन आणि साध्या फोनलाइनवरचे इंटरनेट एवढ्यावर परदेशी बोलता येऊ लागले. त्या दिवसांत अमेरिकेचा फोन मिनिटाला साठ रुपयांच्या आसपास पडे. अडचण कुठे होणार हे उघड होते.

१९९९ च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेटवरून बोलण्याला ‘सध्या परवानगी नाही’ असे सांगितले. परदेशी कॉलवरचा विदेश संचार निगमचा एकाधिकार संपला आणि १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली, तीही अर्धीमुर्धी. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. पण संगणकावरून भारतातल्याच साध्या फोनवर बोलायला बंदी. म्हणजे यवतमाळच्या सायबर कॅफेतून न्यूजर्सीच्या लेकाचा घरचा फोन वाजवता येई, पुसदच्या मामाचा नाही. ही अट उठायला २०१८ साल उजाडले.

सायबर कॅफेतही कान होतेच. हेडफोन लावलेले आईवडील पडद्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने बोलत, कारण अमेरिका लांब आहे. २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम आले. ग्राहकाचे ओळखपत्र पाहायचे, कोणी काय उघडले त्याची नोंद वर्षभर ठेवायची, आणि दोन संगणकांमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नसावा. आमच्या बूथची काचेची खोली निदान डोक्यापर्यंत तरी होती.

बोलणे इंटरनेटवरून जाते म्हणजे नेमके काय होते, हे आमच्याकडच्या माणसाला जिनिंग-प्रेसिंगवरून चटकन समजते. आवाज आधी यंत्रात साफ होतो. कानाला नको असलेला भाग सरकीसारखा वेगळा काढतात. उरलेला दाबून छोट्या छोट्या गाठी बांधतात, साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाची एक. प्रत्येक गाठीवर पत्ता आणि क्रमांक. या गाठी वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि पलीकडे क्रमाने उलगडल्या जातात. एखादी हरवली तर तेवढा शब्द तुटतो. उशिरा आली तर ती टाकून द्यावी लागते, कारण बोलणे पुढे गेलेले असते. म्हणून इंटरनेटवरच्या बोलण्याला फार वेग लागत नाही; लागतो तो नियमितपणा. एका दिशेला सुमारे दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर होऊ लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. गर्दीच्या फलाटावर सिनेमा व्यवस्थित चालतो आणि कॉल मात्र अडखळतो, त्याचे कारण हेच. सिनेमा पुढचे थोडे आधीच साठवून ठेवू शकतो, आई पुढे काय बोलणार हे साठवता येत नाही.

हवेतली वाट मोकळी होते

वाय-फायचे पहिले मानक १९९७ चे. पण आपल्याकडे बिनतारी लहरी वापरायच्या तर परवाना लागे, १९३३ च्या बिनतारी तार कायद्यापासूनची ती रीत. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. इथून भारतात घरोघरी, हॉटेलांत आणि पुढे स्थानकांवर वाय-फाय येण्याचा रस्ता खुला झाला.

हवेत सोडलेले बोलणे हवेतल्या सगळ्यांचे असते. वायफायवर पहिल्यांदा बसवलेले कुलूप कच्चे असल्याचे २००१ मध्येच संशोधकांनी दाखवून दिले. आणि संकेतशब्द नसलेल्या सार्वजनिक जाळ्याला तर कुलूपच नव्हते. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचे एक साधे साधन प्रसिद्ध झाले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे फेसबुक खाते कॉफी पिता पिता ताब्यात घेता येते, हे त्याने दाखवले. हेतू चोरीचा नव्हता, संकेतस्थळांनी डोळे उघडावेत हा होता, आणि पुढच्या काळात ती हळूहळू कुलूपबंद झालीही. त्या दिवसांत इंटरनेटवरचे पुष्कळ फोन असेच उघड्यावर जात. ऐकायला लाइन कापावी लागत नसे, जवळ बसणे पुरे.

आपल्याकडे मात्र वाय-फायचे नियम बदलले ते वेगळ्याच कारणाने. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. तो नवी मुंबईच्या सानपाड्यात राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या वाय-फायवरून गेला होता, त्याला पत्ता नसताना. नंतरचे काही मेलही मुंबईतल्या दुसऱ्यांच्या जाळ्यांवरून गेले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात सूत्रधार हल्लेखोरांशी इंटरनेट टेलिफोनीवरून बोलत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढली की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, ओळखपत्राने किंवा मोबाइलवर पाठवलेल्या अंकाने. धामणगावच्या फलाटावर त्या मुलाने जो अंक टाकला, त्याचे मूळ सानपाड्याच्या त्या घरात आहे.

या अंकाचा एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वाय-फाय फुकट, पण त्यासाठी सिमकार्ड जिवंत हवे. रिचार्ज संपून काही काळ लोटला की येणारे संदेशही बंद होतात, मग अंक कुठून येणार? परदेशातून आलेल्या पाहुण्याकडे इथला क्रमांक नसतो, त्याचीही तीच गत. ज्याला फुकट जोडणीची खरी गरज, नेमका तोच दाराबाहेर राहतो.

फलाट, सीमा आणि ‘वाणी’

रेलटेल आणि गूगल यांनी मिळून मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये मोफत वाय-फाय सुरू केले. जून २०१८ मध्ये ते चारशे स्थानकांवर पोचले. एर्नाकुलमच्या स्थानकावरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता कानात इअरफोन घालून अभ्यास केला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली, ही बातमी त्याच वर्षीची. फलाटावरच्या जोडणीचा याहून चांगला उपयोग मी ऐकलेला नाही.

पण २०१६ च्याच सप्टेंबरात जिओ आले आणि मोबाइलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने या कामातून अंग काढून घेत असल्याचे सांगितले, तेव्हा स्वस्त डेटा हे एक कारण दिले. रेलटेलने सेवा चालू ठेवली आणि मार्च २०२१ पासून पहिला अर्धा तास फुकट, पुढे पैसे, अशी व्यवस्था केली. त्या अर्ध्या तासाचे गिऱ्हाईक कोण, हे फलाटावर तासभर बसले की दिसते. दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपलेली मुले, परीक्षेला निघालेले विद्यार्थी, आणि कामाच्या शोधात गाव सोडणारी माणसे.

प्रवासात इंटरनेटवरून बोलण्याची गोडी आमच्या जिल्ह्याला लागण्यामागे आणखी एक कारण आहे. आमची दक्षिण सीमा पैनगंगेची. पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघालो की पिंपळखुटीनंतर नदी, आणि पूल ओलांडला की दुसरे सर्कल. तिथे मोबाइलवर ‘रोमिंग’ अशी पाटी उमटे. आलेला फोन घेतला तरी पैसे कापले जात. आदिलाबादला लेक दिलेली माणसे पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून “पोचलो” असे सांगत, म्हणजे पोचायच्या आधीच. बीएसएनएलने जून २०१५ मध्ये येणारे कॉल देशभर मोफत केले, त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर बोलण्याची सोय आली, आणि पैनगंगेवरची ती अदृश्य चौकी उठली. दुबईतल्या मराठी कुटुंबांना अशी चौकी आजही भेटते. तिथे व्हॉट्सॲपवर लिहिता येते, त्यावरून बोलता येत नाही.

२०१८ मध्ये सरकारने वाय-फायवरून कोणत्याही फोनवर बोलण्याची मुभा दिली आणि जुलैमध्ये बीएसएनएलने ‘विंग्स’ ही सेवा आणली. २०१९ च्या डिसेंबरपासून खासगी कंपन्यांनी आपल्याच क्रमांकावरून वाय-फायमार्गे कॉल लावण्याची सोय दिली. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला टॉवरची रेघ दिसेनाशी होते, तिथल्या एखाद्या मुक्कामाच्या जागी वाय-फाय असले की नेहमीच्या क्रमांकावरून नेहमीसारखे बोलता येते. हा कॉल त्या जाळ्यातून बंद बोगद्यासारखा कंपनीपर्यंत जातो; वाय-फायच्या मालकाला त्यातले काही ऐकू येत नाही.

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. किराणा दुकानदार, चहावाला, कोणीही परवान्याशिवाय आपल्या दुकानातून इंटरनेट विकू शकतो. अशा दुकानाला त्यांनी ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ म्हटले, हे नाव जुन्या पीसीओवरूनच बेतलेले. आमच्या वणीच्या लोकांनी या नावाची गंमत केली असणार. मला त्यात माझा बूथ दिसला. तेच दुकान, तोच गल्ला, तेच गिऱ्हाईक. फरक एवढाच की नव्या दुकानदाराला काही ऐकू येत नाही.

आता कोण ऐकते?

एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सगळे संदेश आणि कॉल दोन टोकांच्या मध्ये कोणालाही उलगडणार नाहीत असे कुलूपबंद केले. एके काळी सांकेतिक शब्दांचे पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्या कापूस व्यापाऱ्यालाच जी गुप्तता मिळे, ती आता कारखान्यात निघालेल्या कंत्राटी कामगाराच्या खिशात आली. दीडशे वर्षांच्या या इतिहासात ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, त्याच्या वर्षभर आधी ही सोय साध्या माणसाच्या हाती पोचली होती.

तरीही कान संपले नाहीत, त्यांनी जागा बदलली. बोलणे बंद असले तरी कोण, कोणाशी, किती वाजता, किती वेळ बोलले, ही माहिती कोठे ना कोठे उरते. माझ्या त्या छापील चिठ्ठीवर एवढेच होते, आणि तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते. रात्री अकरानंतर आठवड्यातून तीनदा एकाच क्रमांकावर फोन करणाऱ्याच्या घरी काय चालले आहे, हे मला त्याचे बोलणे न ऐकताही सांगता आले असते. फलाटावरच्या खऱ्या जाळ्यासारख्याच नावाचे खोटे जाळे कोणी उभे करू शकते आणि घाईतला प्रवासी त्यात शिरतो. तो बोलतो ते सुटते, पण त्याच घाईत बँकेचा संकेतशब्द खोट्या पानावर टाकला तर ते सुटत नाही. कायद्याने बोलणे ऐकण्याची सरकारची वाट नव्या कायद्यातही शाबूत आहे.

आणि सर्वांत जुना कान जागचा हललेलाच नाही. तो शेजारच्या बाकावर बसलेला असतो. कुलूप दोन यंत्रांच्या मध्ये आहे; यंत्र आणि तोंड यांच्या मध्ये नाही. आम्ही स्पीकर लावून बोलतो, कारण एका मोबाइलभोवती चार जण जमतात, आणि चुलीपाशी बसलेल्या आईला फोन कानाला लावून चेहरा दिसत नाही.

यवतमाळ हे नाव बाहेरच्या जगाने गेली वीस वर्षे बहुतेक वेळा एकाच बातमीत ऐकले आहे. कर्ज, नापिकी आणि त्यापुढचे. त्या बातम्यांमागे किती घरांत सांगायची गोष्ट वेळेवर सांगितली गेली नाही, याची कुठे नोंद नाही. माणूस अडचण सांगतो ती ऐकणारा आपला आहे याची खात्री असेल तेव्हाच. खासगीपणा हा शहरातल्या सुखवस्तूंचा चोचला आहे असे म्हणणारे भेटतात, तेव्हा मला नेरच्या बाजूचे ते गृहस्थ आठवतात. वीस हजार रुपये कोणाकडे मागायचे, एवढे बोलायला त्यांना चार फुटांची सुरक्षित जागा हवी होती. ती मी दिली नाही.

धामणगावच्या त्या मुलाचे बोलणे बँकेच्या नोटिशीवर आले, तेव्हा आईचा आवाज खाली गेला. काही तरी विचारत होती ती. मुलाने एकदा आजूबाजूला पाहिले. त्याची नजर माझ्यावरून गेली.

“माय, इथं लोकं आहेत,” तो म्हणाला, “गाडीत बसल्यावर सांगतो.”

त्याने फोन बंद केला. गाडीला अजून वीस मिनिटे होती. मी पिशवी उचलली, “मी तिकडं बसतो रे बाबू, तू बोल निवांत,” म्हणालो आणि फलाटाच्या टोकाच्या बाकाकडे निघालो. “नाही काकाजी, बसा ना,” असे तो म्हणाला खरा. पण मी टोकाला पोचून मागे पाहिले, तेव्हा मोबाइल त्याच्या कानाला होता.